प्रागमध्ये वीस मिनिटं

व्हिएन्नाहून प्राग बसने चार तास. टूर मॅनेजरने आदल्या रात्री बजावलं, "उठायचं पाचला, नाश्ता साडेपाचला, बस सहाला!" घरच्या मुंजीलाही मी एवढ्या पहाटे उठलो नव्हतो. बसमध्ये सगळे घोरत होते. त्यामुळे ऑस्ट्रिया कधी संपलं, हे फक्त ड्रायव्हरला आणि ठेपल्यांचा डबा उघडून बसलेल्या काकूंना ठाऊक.

किल्ल्यापाशी गाइडबाई मिटलेली लाल छत्री उंच धरून उभ्या होत्या. पुढचे पाच तास ती छत्री म्हणजेच आमचं प्राग. सेंट व्हायटस कॅथेड्रलचं काम १३४४ साली सुरू झालं नि १९२९ साली पुरं झालं, असं कानातल्या यंत्रातून कळलं. "म्हणजे बिल्डर आपल्याकडचाच," शेजारचे काका पुटपुटले. पाचशे पंच्याऐंशी वर्षांचं काम बघायला आम्हाला वीस मिनिटं.

याच किल्ल्यात १६१८ साली चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी बादशहाचे दोन कारभारी आणि त्यांचा चिटणीस खिडकीबाहेर फेकले. तिघंही वाचले. कॅथलिक म्हणाले, वरच्या वर देवदूतांनी झेललं; प्रोटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता. (चिटणीस बिचारा दोन्ही पक्षांत उगाचच. ऑफिसात हे नेहमीचं.) त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. मला ती खिडकी बघायची होती, पण छत्री वळली होती.

चार्ल्स पूल ५१६ मीटर. दगडी फरसबंदीवरून चालता चालता हिच्या नव्या बुटांनी असहकार पुकारला. पुलावर संत नेपोमुकचा पुतळा आहे. राणीचं गुपित राजाला सांगायला नकार दिला म्हणून याला नदीत बुडवलं, अशी आख्यायिका. ही ऐकून ग्रुपमधल्या समस्त बायकांनी त्याच्या ब्राँझच्या पाटीला मनोभावे हात लावला. नवरे फोटो काढत होते.

मग चौकातलं ते खगोलीय घड्याळ, १४१० सालचं. दर तासाला वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती फिरतात. चार वाजायला दहा मिनिटं होती आणि मला नेमकं 'जायचं' होतं. स्वच्छतागृहाच्या दाराला फिरता अडसर आणि त्याला हवं झेक कोरुनाचं नाणं. माझ्याकडे पन्नास युरोंची नोट! सुट्ट्यांसाठी धावत जाऊन साखरेत घोळवलेलं, दांड्यावर भाजलेलं ते त्रदेलनिक नावाचं गोड पावासारखं प्रकरण घेतलं. नाणी मिळाली. पण एका हातात गरम त्रदेलनिक धरून आतला कार्यक्रम उरकणं ही कला कुठल्याच टूरच्या माहितीपत्रकात शिकवत नाहीत.

बाहेर आलो तेव्हा घड्याळातला कोंबडा आरवत होता. म्हणजे खेळ खलास. शेकडो मोबाइल एकदम खाली आले.

"दिसलं ना?" हिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्रदेलनिकचा अर्धा भाग तोडून घेतला.

परतीच्या बसमध्ये काकांनी व्हिडिओ दाखवला. जेमतेम मिनिटभराचा. घड्याळाच्या कडेला एक सांगाडा आहे, साक्षात मृत्यू. तो दोरी ओढून घंटा वाजवतो, चला, वेळ झाली! बाकीच्या बाहुल्या माना हलवतात, छे, इतक्यात नाही.

तेवढ्यात बस पेट्रोल पंपावर थांबली. "फक्त वीस मिनिटं!" टूर मॅनेजर मनगटावर टिचकी मारत ओरडला. वीस मिनिटांनी तो दारात उभा राहून टाळ्या वाजवू लागला, तेव्हा आतल्या दुकानात चॉकलेटांच्या रांगेतल्या काकूंनी आणि हिने काचेआडून एकदमच माना हलवल्या.