"सिंधी लोकांकडून शिका" म्हणणाऱ्या मंडळींना

गणपती जवळ आले की इंदूरच्या मराठी मंडळांत एक व्याख्यान ठरलेलं असतं: मराठी माणूस धंद्यात मागे का? यंदा पाहुण्याची वाट न बघता व्हॉट्सअ‍ॅपवरच सुरुवात झाली. मेसेज तुम्हालाही आला असेल. सिंधी 1947 नंतर नेसत्या वस्त्रांनिशी आले आणि आज जेल रोडपासून सीतलामाता बाजारापर्यंत त्यांचे बोर्ड आहेत, आपण दोनशे वर्षं इथे असून आपले वाडे विकले जाताहेत, वगैरे. खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग. एका काकांनी वर पुस्तीही जोडली, "आपल्या रक्तातच नाही."

माझी सगळी नोकरी बँकेत झाली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात, आणि तीही याच शहरात. रक्ताचा रिपोर्ट मी कधी कुणाकडे मागितला नाही. तारण मागितलं, जामीनदार मागितला, स्टॉक स्टेटमेंट मागितलं. म्हणून या विषयावर थोडं लांब लिहिते आहे. चहा घेऊन बसा.

आधी रक्ताचं बघू. 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झालं. ती वसवणारे दिवाण तात्या जोग स्वतः मोठे सावकार होते. सरदार किब्यांचं घराणं त्यांचंच. म्हणजे या शहराच्या पायाभरणीतच एक मराठी पेढीवाला आहे, आणि आपण म्हणतो धंदा आपल्याला माहीतच नाही. तिकडे महाराष्ट्रात किर्लोस्करांनी 1910 मध्ये माळरानावर कारखाना उभा केला. पण त्यांना औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी जमीन दिली होती, हे विसरून चालत नाही. हिंमत किर्लोस्करांची होतीच. पायाखाली जमीनही होती.

तरीही बहुसंख्य मराठी घरं नोकरीतच राहिली, हे खरं आहे. त्याचं कारण मला साधं दिसतं. आपण इथे राज्याबरोबर आलो. दफ्तर मोडी लिपीत, खजिना, न्यायालय, शाळा, फौज सगळीकडे आपली माणसं. पगार होता, कुणाला इनाम होतं, पुढे पेन्शन आली. ज्याला दरबारात जागा आहे तो बाजारात पथारी कशाला टाकेल? बाजार मारवाडी, जैन, बोहरा यांच्याकडे होता. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची, त्या व्यापाराचा पैसा सराफ्यात फिरायचा, आणि अफूचे दिवस संपत आले तेव्हा त्यातलाच बराच पैसा कापड गिरण्यांत गेला. इथले गिरणीमालक सर सेठ हुकुमचंद यांची कहाणी हीच आहे. भांडवल एका पिढीत जमत नाही. आपल्याकडे जमत होती ती वशिल्याची आणि विद्येची पुंजी.

1948 मध्ये मध्य भारत राज्य झालं, होळकरशाही गेली. 1956 मध्ये राजधानी भोपाळला. दुकान मुलाला देता येतं, हुजूर दफ्तरातली खुर्ची देता येत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला बसलेला धक्का हा एवढाच होता आणि तो खरा होता. पण त्या पिढीने रडत बसून काही केलं नाही, असंही नाही. पोरांना शिकवलं. शिक्षक, इंजिनियर, बँका, एलआयसी, रेल्वे. स्टेट बँक ऑफ इंदूर 2010 मध्ये मोठ्या बँकेत विलीन होईपर्यंत तिच्यात मराठी आडनावांची काही टंचाई नव्हती.

आता "नेसत्या वस्त्रांनिशी" हे बघू. हे अर्धं खरं आहे. पंजाब आणि बंगालची वाटणी झाली, त्यातला निम्मा तुकडा तरी इकडे राहिला. सिंधचा इंचभरही इकडे आला नाही. घर, हवेली, जमीन, देऊळ, सगळं तिथे. स्टेशनच्या फलाटावर आणि फुटपाथवर त्यांनी कटपीस विकले, बायकांनी पापड लाटले, आणि ते कष्ट मी कमी लेखत नाही. पण त्यांच्याबरोबर जे आलं ते गाठोड्यात दिसत नव्हतं. हैदराबाद सिंधच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या फाळणीच्या कितीतरी आधीपासून इजिप्तपासून जपानपर्यंत होत्या. हिशेब लिहिणं, उधारी फिरवणं, दूरच्या नातलगावर माल सोडणं हे घरात शिकलेलं होतं. निर्वासितांच्या मालमत्तेचे दावे नोंदवायला 1950 चा कायदा होता आणि भरपाईसाठी 1954 चा. मिळालं ते गेलेल्याच्या मानाने थोडंच असणार, पण त्यातून कुणाचं घर झालं, कुणाचा गाळा झाला.

शिवाय सगळे सिंधी व्यापारी नव्हतेच. त्यांच्यात आमिल नावाचा मोठा वर्ग आहे. सिंधचे जुने राज्यकर्ते तालपूर मीर यांच्या दरबारात, नंतर इंग्रजांच्या कचेरीत कारकुनी आणि अंमलदारी करणारा. शिक्षणाचा अभिमान, नोकरीची ओढ, दुकानदार भाईबंदांकडे जरा वरून बघणं. त्यांच्याबद्दल वाचताना मला तर रामबागेतल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांचीच आठवण झाली. तोच धर्म, तीच भाषा, तोच प्रांत, आणि एकाला नोकरीचा सोस तर दुसऱ्याला गल्ल्याचा. मग "सिंधी स्वभाव" नेमका कुठला धरायचा?

माझ्या टेबलासमोर दोन मुलं बसायची. म्हणजे अशी कितीतरी, पण ती दोन प्रकारचीच असायची. एकाच्या मागे मामा, मामाचं घाऊक दुकान. मामा दोन महिन्यांच्या उधारीवर माल टाकायचा, काका जामीन राहायचे, घरातली भिशी ऐन वेळी उचलायची सोय होती. हा मुलगा बँकेत यायचा तेव्हा त्याचं दुकान आधीच चालू असायचं. त्याला फक्त सी.सी. लिमिट, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसे पैसे उचलायची मर्यादा, हवी असायची, आणि स्टॉक दाखवायला होता म्हणून मिळायचीही. दुसरा मुलगा मराठी, डिप्लोमा झालेला, प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करून आणलेला, अगदी नीटनेटका. वडिलांचा पीएफ आणि सुदामानगरातलं घर. घर तारण ठेवायचा विषय निघाला की आई पुढच्या वेळी सोबत यायची आणि मुलाच्या आधी तीच बोलायची. लोक त्या आईला भित्री म्हणतात. मला ती हिशेबी वाटायची. दुकानदाराचा मुलगा बुडाला तर मामाच्या गल्ल्यावर परत बसतो. क्लार्कचा मुलगा बुडाला तर घर जातं, आणि बहिणीचं लग्न अडतं. तिच्या जागी कुठलीही सिंधी आई असती तर तिने वेगळं काय केलं असतं?

बोहरा समाजात कर्ज-ए-हसना आहे, म्हणजे बिनव्याजी कर्ज. समाजाची संस्था देते, ओळखीचे लोक जामीन राहतात, आणि परतफेडीचं दडपण बँकेपेक्षा जास्त असतं कारण रोज भेटणाऱ्या माणसांचे पैसे असतात. इथल्या सियागंज बाजारातली बरीच दुकानदारी यामुळे व्याजाच्या फेऱ्यात न अडकता चालली. शिकायचंच असेल तर हे शिका. पण हे सकाळी लवकर उठून, व्याख्यान ऐकून, जिद्द बाळगून येत नाही. त्यासाठी कुणीतरी आपले पैसे दुसऱ्याच्या मुलासाठी बाजूला ठेवावे लागतात. गणपतीत मंडपाला पावती फाडतो त्यातले थोडे इकडे वळवा म्हटलं तर किती हात वर होतील, याबद्दल मी काही बोलत नाही.

या सगळ्या तुलनेत एक मोठी गफलत आहे, ती कुणी बोलत नाही. यशस्वी सिंधी इंदूरमध्येच असतो, त्याचा बोर्ड रोज दिसतो. आपला यशस्वी मुलगा इंदूरमध्ये नसतोच. तो पुण्यात हिंजवडीला आहे, बंगलोरला आहे, न्यू जर्सीला आहे. मागे राहिलेत आईवडील आणि कुलूप लागलेला वाडा. ते बघून आपण म्हणतो मराठी माणूस संपला. आणि उलट बाजूने, न जमलेला सिंधी आपल्याला दिसतच नाही. दुसऱ्याच्या दुकानात वर्षानुवर्षं पगारावर उभे असलेले सेल्समन, ज्यांची बचत खाती मीच उघडली, ते आपल्या हिशेबात सिंधी म्हणून धरलेच जात नाहीत. सिंधी म्हणजे मालक, असं एकदा ठरलं की नोकर गिनतीतून गळतो.

अमेरिकेतल्या भारतीयांबद्दल हेच उलट्या दिशेने होतं. तिथे भारतीय कुटुंबांचं उत्पन्न जास्त, म्हणून आपण फुशारतो. 1965 च्या कायद्यानंतर तिथे शिकलेल्यांना निवडून आत घेतलं, डॉक्टर, इंजिनियर, पुढे कॉम्प्युटरवाले. गाळून घेतलेल्या लोकांची सरासरी जास्त येणारच. त्याच देशात 2022 च्या त्यांच्या केंद्रीय बँकेच्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (म्हणजे रांगेत बरोबर मधोमध येणाऱ्या कुटुंबाची) सुमारे 2,85,000 डॉलर आणि काळ्या कुटुंबाची सुमारे 45,000 डॉलर निघाली. आपले तिथले भाचे फोनवर म्हणतात, "मावशी, ते लोक मेहनतच करत नाहीत." त्यांना सांगावंसं वाटतं की 1930 च्या दशकात तिथे सरकारी नकाशांवर काळ्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या, तिथे घरकर्ज धोक्याचं ठरवलं गेलं, आणि घरांच्या बाबतीतल्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा 1968 मध्ये आला. अमेरिकेत मध्यमवर्गाची पुंजी म्हणजे घरच. ते घरच घेऊ दिलं नाही.

कर्ज विभागात काम केलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. मुस्लिमांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या सच्चर समितीने 2006 च्या अहवालात नोंदवलंय की काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे काही भाग "निगेटिव्ह" ठरवले होते, तिथे कर्ज सहजी मिळत नव्हतं. आमच्याकडे तसा कागद मी पाहिला नाही. कागदाची गरजही नव्हती. पत्ता वाचून साहेबांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते शिपायालासुद्धा कळायचं.

आता "आपण" म्हणजे कोण, ते एकदा बोलून टाकू. ग्रुपवर आपण म्हणजे राजवाड्याजवळचे वाडे, दिवाळी अंक, नाट्यसंगीत आणि सानंद संस्थेचे नाटकाचे प्रयोग. त्यात होळकर स्वतः धनगर होते हे फक्त जयंतीला आठवतं. महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळांसारखे किती महार शिपाई राहिले, बाबासाहेब 1891 मध्ये तिथेच जन्मले, पण त्या वस्त्यांतले मराठी लोक आपल्या संमेलनाच्या यादीत नसतात. मालवा मिल, परदेशीपुरा, नंदानगर भागातले मराठी मिल कामगार तर कधीच नव्हते. हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली, जवळपास 5,900 माणसं बेकार झाली. देणी मिळायला डिसेंबर 2023 उजाडलं, 224 कोटी, आणि तोवर कित्येक जण गेलेले. त्यांत मराठी होते, उत्तर प्रदेशातले होते, राजस्थानी होते, हिंदू होते, मुसलमान होते. त्या कामगाराची तुलना कुणाशी करायची, सिंधी शोरूमवाल्याशी की शेजारच्या मशीनवर उभ्या असलेल्या भय्याशी? त्या दोघांची पोरं सारखीच रिक्षा चालवायला लागली.

सरासरी काढली की हे असं सगळं झाकलं जातं. बिहारच्या 2023 च्या जातसर्वेक्षणात महिन्याला सहा हजारांपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबं अनुसूचित जातींत सुमारे 43 टक्के निघाली. ते अपेक्षितच होतं. पण तथाकथित सवर्णांतही ती सुमारे 25 टक्के होती, आणि त्यातही कायस्थांत सुमारे 14 तर भूमिहारांत 27 च्या वर. म्हणजे दरी जातीजातींत आहे आणि जातीच्या पोटातही आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे कमेंटमध्ये भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना कोण सांगणार.

आणि आपली तुलना कायम वर बघून का असते? 2011 च्या जनगणनेत इंदूर जिल्ह्याची साक्षरता 80 टक्क्यांच्या वर होती. याच इंदूर संभागातल्या, म्हणजे महसुली विभागातल्या, अलीराजपूर जिल्ह्याची 36 टक्के, देशात सगळ्यांत कमी. तिथली दहातली जवळपास नऊ माणसं आदिवासी, मुख्यतः भिल, भिलाला. आपल्या वाड्याच्या जागी जी मल्टी, म्हणजे बहुमजली इमारत, उभी राहते तिच्या विटा डोक्यावर वाहणारी बाई तिकडूनच आलेली असते, पोर वाळूच्या ढिगावर झोपवून. तिच्याकडे बघून कुणी व्याख्यान ठेवत नाही की मराठी माणूस भिलांच्या पुढे का. तिथे उत्तर माहीत असतं, म्हणून प्रश्न नको असतो.

पुढच्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे. संदर्भ तारीख 1 मार्च 2027. परवा आमच्या ओटल्यावर दोघांचं ठरत होतं की जातीपुढे नुसतं "मराठी" लिहायचं, म्हणजे आपली संख्या मोठी दिसेल. भाऊजी, तसं करू नका. जात जी आहे ती लिहा, म्हणजे आपल्यातलं कोण कुठे आहे ते एकदा तरी कळेल. मराठी लिहायची जागा मातृभाषेच्या प्रश्नापुढे आहे, आणि तिथे आपलीच नातवंडं "हिंदी" सांगून मोकळी होतात. प्रगणक दारात येईल तेव्हा त्यांना पुढे करू नका, स्वतः उठून दारात जा.