८० रुपयांत १६०० कोटींचा तो फॉरवर्ड

लिज्जत पापडाचा तो मेसेज फिरत फिरत माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिने घरात जाहीर करून टाकलं की पुढच्या महिन्यात नोकरी सोडतेय, पीएफ काढतेय आणि नाचणीच्या चकल्यांची कंपनी काढतेय. चकल्या खरंच भारी करते ती, त्यावर वाद नाही. वाद मेसेजशी आहे. ज्यांना तो आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: सात बायका, ८० रुपये, एक आयडिया, आज १६०० कोटी. म्हणून तुम्हीपण आयडिया कुणाला सांगू नका, आधी पेटंट घ्या, भांडवल लागत नाही, पहिल्या दिवसापासून नफा, नोकरी सोडल्याशिवाय मोठं होता येत नाही. वर त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पापड लाटून कोट्यधीश झाल्या हेही.

आयडिया म्हणजे कुठली हो? १९५९ साली गिरगावात पापड कुणी पाहिला नव्हता का? लिज्जतने आपला इतिहास स्वतःच लिहून ठेवलाय, तो वाचायला दहा मिनिटं लागतात. त्या सातजणींनी तोट्यात चाललेला एक पापडाचा धंदा चालवायला घेतला होता. म्हणजे हीच आयडिया आधी दुसऱ्या कुणाकडे होती आणि तो बुडत होता! फरक पडला तो पुढे. ज्यांच्याकडून ते ८० रुपये उसने घेतले ते छगनलाल पारेख, छगनबापा, त्यांनी हिशोब नीट ठेवायला लावले, आणि हलक्या प्रतीचा पापड वेगळा काढून स्वस्तात विकणं चाललं होतं ते थांबवून एकच चांगला पापड करायला सांगितलं. मेसेजमध्ये छगनबापांचं नावसुद्धा नाही, हिशोबाचं तर नाहीच नाही.

पेटंटचं तर काय बोलायचं. १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३(के) मध्ये सरळ लिहिलंय की धंद्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. आणि कुणाला सांगायचंच नाही तर गिऱ्हाईक काय स्वप्नात येणार?

८० रुपये खरे आहेत, मान्य. थोड्या पैशांत सुरुवात करता येते हेही मान्य करते, नाइलाजाने. पण तेव्हा तोळाभर सोनं शंभराच्या आसपास होतं, म्हणजे ते पाऊण तोळ्याचे पैसे झाले. आज पाऊण तोळा घ्यायला जा आणि मग सांगा भांडवल लागत नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यामुळे मी हे टाइप करत बसलेय. पहिल्या दिवसापासून नफा. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली होती. पहिल्या वर्षाची विक्री ६१९६ रुपये, आणि त्यातले चार महिने काम बंद, कारण पावसात गच्चीवर पापड वाळेना. दुसऱ्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला, खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह, तेव्हा कुठे पावसाळ्यात काम चाललं. मला विचाराल तर अख्ख्या गोष्टीतली सगळ्यात हुशारीची खरेदी ती खाट आहे, पण खाटेवर कोण फॉरवर्ड बनवणार.

भाचीला कागद घेऊन बसवलं. पाकीट ५० रुपयांना धरलं. दुकानदाराचे १०, वितरकाचे ४, हातात आले ३६. पीठ-तेल-मसाला १७, पाकीट आणि लेबल ४, मजुरी ८, गॅस २, झाले ३१. उरले ५. भाडं, जीएसटी, परत आलेली तुटकी पाकिटं अजून धरलेलीच नाहीत. महिन्याला २००० पाकिटं गेली तर कागदावर १०,००० नफा, ती खूश. पण पैसे येणार कधी? दुकानदार दीड महिन्याची उधारी मागतायत, तोपर्यंत हिने ९३,००० आधीच घालून बसायचं, आणि विक्री दुप्पट झाली की अडकलेली रक्कमही दुप्पट. नफ्यात असून खिसा रिकामा तो असा. छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे, पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी कायदा बोलून पुढची ऑर्डर मिळत नाही, हे कुणीही सांगेल. अशा वेळी दर महिन्याचा पगारच धंद्याला तारतो, आणि मेसेज म्हणतो तोच आधी सोडा.

कोट्यधीशचं एका वाक्यात: लिज्जत ही कुणा एकाची कंपनीच नाही, संस्था आहे, लाटणाऱ्या बहिणी सगळ्या मालकीणच, नफातोटा वाटून घेतात. जसवंतीबेनना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती मालकीसाठी नव्हे. आणि त्याच संस्थेने पुढे आगपेट्या, चामड्याच्या वस्तू करून बघितल्या, त्या चालल्या नाहीत. आयडिया तर त्यापण होत्या.

भाची म्हणाली, "मावशी, पण रोखीने कुणी दुकानदार घेतच नाही गं." तर मग अजून दुकानदाराकडे जाऊ नकोस. शनिवार-रविवार कर, सोसायटीत आणि ऑफिसात थेट वीक, पैसे जागच्या जागी, मधले १४ रुपयेही तुझेच. तीच माणसं तिसऱ्यांदा मागायला आली की पीएफचं बोलू.