काजूवर डबल डोस: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

खानापूर, बेळगाव, चंदगडकडच्या काजूवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. "मोहोर काळा पडला की दोन कीटकनाशकं एकत्र करा, डबल डोस मारा. आमच्या बागेत तिसऱ्या दिवशी एक किडा दिसला नाही. विद्यापीठाचं प्रमाण आता चालत नाही. एन्डोसल्फान बंद झालं तेव्हापासूनच ढेकण्या माजला." (ढेकण्या म्हणजे काजूचा रस शोषणारा किडा, एन्डोसल्फान म्हणजे बंदी आलेलं कीटकनाशक.) कर्नाटक कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात मिळणारा कागद कन्नडमध्ये, मेसेज मराठीत, त्यामुळे लोक हाच वाचतात आणि तसंच औषध मारतात. म्हणून हे लिहितोय.

तिसऱ्या दिवशी किडा दिसला नसेल, मान्य. पण ढेकण्या अंडी घालतो ती कोवळ्या फांदीच्या आणि मोहोराच्या दांड्याच्या आत. बाहेर राहतात केसासारखे दोन बारीक तंतू, भिंगाशिवाय न दिसणारे. आठवडाभरात त्यातून पिल्लं निघतात आणि पुन्हा रस शोषायला लागतात. शिवाय हा उडणारा किडा, शेजारच्या बागेतून परत येतो. उन्हं तापली की तो आपसूकही कमी होतो. मग कमी झाला तो औषधानं की उन्हानं, हे कळणार कसं? त्यासाठीच पुत्तूर, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रांत चाचणी घेताना काही झाडं मुद्दाम न फवारता ठेवतात. एकच औषध बागेत वेगवेगळ्या जागी मारतात, झाडाच्या चारी बाजूंच्या फांद्यांवरचे डाग फवारणीआधी आणि नंतर मोजतात. मेसेजवाल्यानं सगळीच बाग फवारली. तुलना करायला झाड उरलंच नाही, तर सिद्ध काय झालं?

मोहोर काळा पडला म्हणजे ढेकण्याच, हेही खरं नाही. करप्यानंही तो काळा पडतो, आणि करपा ही बुरशी. तिच्यावर कीटकनाशकाचा काडीचा उपयोग नाही. सकाळी लवकर फांदी जवळून बघा. ढेकण्यानं सोंड खुपसलेल्या जागी आधी पाणेरी डाग पडतो, मग तो काळपट होतो आणि तिथून डिंक पाझरतो. किडा सापडला तर त्याच्या पाठीवर टाचणीसारखा उभा काटा दिसेल. तो बघितल्याशिवाय बाटली उघडू नका.

डबल डोसचं म्हणाल तर लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ५ टक्के हे कीटकनाशक १० लिटर पाण्याला ६ मिली पुरतं. पालवी, मोहोर आणि फळधारणा या तीन वेळा बघून फवारायचं, दर वेळी तेच औषध नाही. प्रमाण दुप्पट केल्यानं दांड्यातली अंडी काही मरत नाहीत. मरतात मधमाश्या, ज्या फळ धरायला मदत करतात, आणि ढेकण्याला खाणारे ओंबील, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या. वर पंप पाठीवर घेणाऱ्या गड्याच्या अंगावर दुप्पट विष उडतं. त्याचा मेसेजमध्ये एका शब्दानं उल्लेख नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

आणि एन्डोसल्फान? केरळमधल्या कासरगोडच्या सरकारी काजूबागांवर ते याच ढेकण्यासाठी हेलिकॉप्टरनं वर्षानुवर्षं फवारलं. म्हणजे तेव्हाही ढेकण्या होताच. सुप्रीम कोर्टानं १३ मे २०११ ला त्यावर देशभर बंदी घातली, आणि २०१७ मध्ये केरळ सरकारला या औषधाच्या पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले. ते औषध परत मागणाऱ्यांनी आधी तिथल्या घरांत जाऊन यावं.

मेसेज लिहिणाऱ्याला एक विनंती. पुढच्या पालवीला बागेच्या चारी कोपऱ्यांतली दोन-दोन झाडं न फवारता ठेवा, त्यांच्या बिया वेगळ्या वजन करा आणि तो आकडा ग्रुपवर टाका.