कंबर कुठे धरायची?

पूर्वी जीन्स घेताना दुकानदार एकच प्रश्न विचारायचा, "कंबर किती?" आपण आकडा सांगायचा, तो फळीवरून निळी पँट खाली टाकायचा. आता कंबर किती हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी ती नेमकी कुठे आहे, हे ठरवावं लागतं.

"काका, राइज कुठला? लो, मिड की हाय?" मॉलमधल्या पोराने विचारलं. राइज म्हणजे दोन्ही पाय जिथे जुळतात त्या शिवणीपासून वरच्या पट्ट्यापर्यंतचं अंतर, हेही त्यानेच समजावलं. पण पन्नाशीच्या माणसाची कंबर हा बेळगावसारखा सीमाप्रश्न असतो. पट्टा पोटाच्या वर घेतला तर आरशात साक्षात वडील उभे राहतात. खाली घेतला तर पोट स्वतंत्र राज्याची मागणी करतं. मिड राइज म्हणजे दोन्ही बाजूंनी असंतोष.

मग फिट. स्किनी, स्लिम, स्ट्रेट, टेपर्ड, रिलॅक्स्ड, बूटकट. टेपर्ड म्हणजे मांडीत सैल आणि घोट्याशी निमुळती. आमच्या आजोबांची सुरवार याच फिटची होती, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं. बूटकट गुडघ्याखाली पसरत जाते, कारण तिच्या आत उंच बूट मावावेत अशी अपेक्षा असते. माझ्या पायात कोल्हापुरी. ३४ लिहिलेल्या पँटला टेप लावली तर ३६ भरली. गिऱ्हाइकाला बारीक झाल्यासारखं वाटावं म्हणून कंपन्या असं करतात म्हणे. एवढी एक फसवणूक मला मनापासून आवडली.

खरी परीक्षा कापडाची. "हे चौदा औंसचं आहे," तो म्हणाला. औंस हा शब्द मी शेवटचा वाचला तो मुलीच्या दुधाच्या बाटलीवर. इथे तो एक चौरस यार्ड कापडाचं वजन सांगतो. औंस साधारण २८ ग्रॅमचा, म्हणजे चौदा औंसला जवळजवळ ४०० ग्रॅम. मे महिन्यात, पुण्यात, स्कूटरवर.

"यात रॉ डेनिम पण आहे, म्हणजे कारखान्यात न धुतलेलं. पहिले सहा महिने धुवायची नाही."

हे वाक्य मी घरात उच्चारूही शकत नाही. पण त्यामागे शास्त्र आहे. डेनिमचा ताणा, म्हणजे उभा धागा, नीळ दिलेला; बाणा, म्हणजे आडवा, पांढरा. म्हणून पँट आतून पांढरट दिसते. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवरच बसते आणि घासली की उडते. त्यामुळे आपण कसे बसतो, मोबाइल कुठल्या खिशात ठेवतो, हे सगळं पँटवर उमटत जातं. ज्यांना इतका धीर नाही त्यांच्यासाठी कारखान्यातच प्यूमिस दगडांबरोबर घुसळून स्टोन वॉश करतात. तेच दगड ब्लीचमध्ये भिजवून घेतले की झाला अ‍ॅसिड वॉश. त्यात अ‍ॅसिड नसतं, पण या दुकानात नावावरून काही ठरवायचं नसतं, हे एव्हाना मला कळलं होतं.

पलीकडे डिस्ट्रेस्डचा कप्पा होता, गुडघ्यावर भसके पाडलेला आणि दोन हजारांनी महाग. अमेरिकेतल्या रेनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. लाकूडतोड्याच्या बायकोने नवऱ्यासाठी टिकाऊ पँट मागितली, तेव्हा खिसे उसवू नयेत म्हणून त्याने तिथे तांब्याचे रिव्हेट ठोकले. कापडाचा व्यापारी लीवाय स्ट्रॉस याच्याबरोबर त्याला १८७३ साली त्याचं पेटंट मिळालं. ते रिव्हेट या पँटच्या खिशांवर अजून शाबूत आहेत. खाली गुडघा मोकळा.

सगळ्यात वर, काचेच्या कपाटात, सेल्व्हेज. जपानी. किंमत पाच आकडी. पोराने पँटचा पाय उलटा करून आतली लाल रेघेची किनार दाखवली. "जुन्या शटल लूमचं कापड आहे काका. पन्हा जेमतेम तीस इंच निघतो." शटल म्हणजे धोटा. तो आडवा धागा घेऊन जातो आणि तोच धागा घेऊन परततो, म्हणून काठ बंद राहतो, उसवत नाही. नव्या मागांवर धागा दर खेपेला कापला जातो.

हे मला सांगायची गरज नव्हती. माझं आजोळ इचलकरंजी. दुकानातूनच तिथल्या मामाला फोन लावला.

"मामा, तुमचे ते धोट्याचे माग आहेत का अजून?"

"घातले की भंगारात. किलोवर. का रं?"

मी किंमत सांगितली.

"मागाची?"

"पँटची."

बराच वेळ पलीकडून फक्त कुणाच्या तरी मागाची खडखड येत राहिली. "आन् तो काठ दिसतो कुठं?"

"पँट खालून दुमडली की."

"मग लोक वाकून बघत्यात व्हय?"

"बघत असतील."

"ठेव फोन," मामा म्हणाला, "भंगारवाल्याला लावतो."