पौल तंबू शिवायचा, पण दोन वचनं पुढेही वाचा

गेले काही दिवस आमच्या यवतमाळकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: येशूचा प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरायचा, येशूने 'फुकट मिळाले, फुकट द्या' म्हटलं, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी मिशनचा पगार सोडला. तेव्हा मिशनरी पाठवणं आणि त्याला पोसणं बायबलात कुठेच नाही, हा चर्चने मांडलेला धंदा आहे. आमच्या मंडळीतले एक काका म्हणाले, "पास्टरले बी शिलाई मशीन घेऊन द्या मंग!" सगळे हसले, मीही हसलो. मग घरी येऊन शास्त्र उघडलं.

तंबूची गोष्ट खरी आहे. प्रेषितांची कृत्ये 18:3. करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून पौल ते काम करत होता. पण पाचव्या वचनात सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून येतात आणि पौल वचनाच्या कामात पुरता गढून जातो. मधे काय झालं, ते तो स्वतःच करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (2 करिंथ 11) सांगतो: मासेदोनियाच्या भावांनी त्याची गरज भागवली. करिंथकरांची सेवा करायला आपण दुसऱ्या मंडळ्यांना लुटलं, इतका तिखट शब्द त्याने वापरलाय. फिलिप्पैकरांनी तर तो थेस्सलनीकेत असतानाही मदत पाठवली होती. पुढे त्यांचीच देणगी पौलाकडे पोचवणारा एपफ्रदीत आजारी पडून मरता मरता वाचला.

आता बैल. 1 करिंथ 9 मध्ये पौल जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा (25:4) दाखला देतो: मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं घालू नको. शहरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागेल, आपल्याला नाही. उभ्या पिकात डवरताना आपण मुसकं बांधतोच, नाहीतर बैल पऱ्हाटीचे शेंडे तोडत चालेल. पण खळ्यावर? आता थ्रेशर आलं, तरी आजोबांच्या खळ्यावरचे बैल मला आठवतात. खळ्यामधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती फिरता फिरता ज्वारीच्या कणसात तोंड घालायचे आणि आजोबा पाहूनही न पाहिल्यासारखं करायचे. पौल म्हणतो, हा माझा हक्क आहे, पण मी तो बजावला नाही. म्हणजे मुसकं त्याने स्वतःच्या तोंडाला बांधलं. दुसऱ्याच्या तोंडाला बांधायला सांगितलेलं नाही. उलट चौदाव्या वचनात सुवार्ता सांगणाऱ्यांनी सुवार्तेवर उपजीविका करावी, ही प्रभूचीच आज्ञा असल्याचं लिहिलंय. टिळकांचंही तसंच. 1917 साली त्यांनी सोडला तो स्वतःचा पगार.

'फुकट द्या' हे मत्तय 10:8. दहाव्या वचनात तोच येशू म्हणतो, कामकऱ्याला त्याचं अन्न मिळायला हवं. मग फुकट कुणाला? ऐकणाऱ्याला. योहानाच्या तिसऱ्या पत्रात हे उघड आहे: सुवार्ता सांगत फिरणारे भाऊ परक्यांकडून काही घेत नव्हते, म्हणून आपण त्यांना आधार द्यायचा. मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानात नेमकं हेच आलेलं नाही. ज्याच्या दारात जायचं त्याच्यापुढे हात पसरायचा नाही, म्हणून पाठवणाऱ्याने शिदोरी द्यायची. खुद्द येशू गावोगाव फिरला तेव्हा योहाना, सुसान्ना आणि इतर बायका आपल्या पैशातून खर्च चालवत होत्या (लूक 8:3).

पाठवणं बायबलात नाही, हे तर वाचूनच नवल वाटलं. अंत्युखियाच्या मंडळीने उपास-प्रार्थना करून बर्णबा आणि शौलाला, म्हणजे पौलालाच, रवाना केलं, कृत्ये 13. आणि स्कॉटलंडच्या फ्री चर्चने पाठवलं नसतं तर मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात कशाला आले असते? आज मेळघाटात जाणाऱ्याला आधी तिथल्या कोरकू आदिवासींच्या अंगणात बसून त्यांची बोली शिकावी लागते. तेवढे दिवस त्याने तिथे कुणाचे तंबू शिवायचे?

मेसेजमागचा राग मात्र मला कळतो. वर्गणी जाते, हिशोब येत नाही, हे आम्हीही भोगलंय. पण त्यावरही पौलाचंच उत्तर आहे. 2 करिंथ 8 मध्ये वर्गणी न्यायला तो तीतासोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतो, कुणी बोट दाखवू नये म्हणून. पैसा बंद करा, असं तो म्हणत नाही.

परवा मंडळीत हंगामाचा सण आहे. तूर, सोयाबीन, कोहळे येतील, लिलाव होईल. जमलेली रक्कम आणि मेळघाटात गेलेली रक्कम, दोन्ही फळ्यावर लिहायचं शिलाई मशीनवाल्या काकांनीच अंगावर घेतलंय.