स्कूबा सिलिंडरचा व्हॉल्व्ह ही नळाची तोटी नव्हे

मे सरत आला आणि गोव्यात ग्रँड आयलंडकडच्या डायव्हिंगच्या फेऱ्या आटोपत आल्या, की बायण्यापासून कांदोळीपर्यंत डायव्हिंगच्या धंद्यातल्या माणसांत एक सल्ला हातोहात फिरू लागतो. पाणबुड्याच्या पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह म्हणजे पितळेची तोटीच. आत साधी हवा असते, ऑक्सिजन नव्हे. तेव्हा व्हॉल्व्हचे चाक जड झाले तर खोबरेल किंवा डब्ल्यूडी-४० हे फवारायचे तेल सोडावे, मानेतून गळती असेल तर टेफ्लॉन टेप गुंडाळावी, व्हॉल्व्ह जाम झाला तर मोठ्या पान्याने काढावा आणि पावसाळ्यात टाकी रिकामी करून व्हॉल्व्ह उघडा ठेवावा, असे त्याचे सार आहे. सर्व्हिसिंगचे पैसे वाचतात, म्हणून तो पटतो. पण त्यातले काहीच बरोबर नाही, आणि तेल व पाना हे दोन उपाय तर जिवावर बेतणारे आहेत.

‘साधी हवा’ हा या सल्ल्याचा पाया आहे. हवेत सुमारे २१ टक्केच ऑक्सिजन असतो हे खरे. परंतु २०० बार (वातावरणाच्या सुमारे दोनशेपट) दाबाने भरलेल्या सिलिंडरमध्ये त्याचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) सुमारे ४२ बार होतो, म्हणजे रुग्णाला मास्कमधून मिळणाऱ्या शुद्ध ऑक्सिजनच्या चाळीसपट. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की पुढच्या चिंचोळ्या जागेतली हवा एकाएकी दाबली जाऊन तापते, आणि उष्णता बाहेर जायला वावच मिळाला नाही असे धरले तर गणिताने हे तापमान १,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. एवढ्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तिथले तेल पेटायला इतके पुरे. प्रत्यक्षात भोवतालचे पितळ बरीच उष्णता शोषून घेते, आणि ‘आम्ही वर्षानुवर्षे तेल घालतो, काही झाले नाही’ हा अनुभव एवढ्याच आधारावर टिकून आहे. आपल्याकडच्या गॅस सिलिंडर नियमांतही व्हॉल्व्हला तेल किंवा तत्सम वंगण लावू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. सर्व्हिसिंगमध्ये ओ-रिंगला (गळती रोखणाऱ्या रबरी कडीला) लावतात ते परफ्लुओरोपॉलिईथर जातीचे, ऑक्सिजनमध्येही सहजी न पेटणारे ग्रीस असते, आणि तेही नुसती चकाकी येईल इतपतच.

मुळात चाक जड होते ते बहुधा तेल नसल्यामुळे नव्हेच. स्पिंडलभोवती (चाकाने फिरणाऱ्या दांड्याभोवती) मिठाचे पांढरे खडे साचलेले असतात, टेफ्लॉनचा वायसर झिजलेला असतो, किंवा दर वेळी जोर लावून बंद केल्यामुळे सीटच्या, म्हणजे हवेची वाट बंद करणाऱ्या, मऊ चकतीवर खोल गोल वण उमटलेला असतो. यांतले काहीही व्हॉल्व्ह खोलल्याशिवाय दिसत नाही. वरून सोडलेले तेल मीठ तेवढे आत नेते.

टेपचा मुद्दा लवकर निकालात निघतो. या व्हॉल्व्हचे आटे सरळ असतात, आणि गळती आटे रोखत नाहीत, मानेच्या तोंडाशी बसणारी ओ-रिंग रोखते. टेपमुळे मात्र सैल आटेही घट्ट बसल्यासारखे वाटतात, आणि खरा धोका तिथे आहे. एम२५ (२५ मिलिमीटर व्यासाच्या) आट्यांचा व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत फिरतो, थोडाफार बसतोही, पण भरताना किंवा भरल्यावर उडू शकतो. २५ मिलिमीटर व्यासावर २०० बार म्हणजे त्याला बाहेर ढकलणारा भार सुमारे एक टन झाला. जुना, वापरलेला माल विकत घेणाऱ्यांनी व्हॉल्व्हवर आणि मानेवर कोरलेली आट्यांची खूण जुळते का, हे आधी पाहावे.

पावसाळ्यात उघडा ठेवलेला व्हॉल्व्ह गोव्याची दमट, खारी हवा आत घेतो. पोलादी टाकी आतून गंजते, आणि टाकी बंद असेल तर तो गंज आतल्या हवेतला ऑक्सिजनही खातो. २० बारच्या आसपास दाब ठेवून व्हॉल्व्ह बंद करावा, तोंडावर टोपण लावावे आणि टाकी उभी बांधून ठेवावी.

राहिला मोठा पाना. जाम व्हॉल्व्हच्या बाबतीत लोक एक सोपी गोष्ट विसरतात, ती अशी, की हवा येत नाही म्हणजे सिलिंडर रिकामा आहे असे नव्हे. स्पिंडल तुटला असेल, किंवा व्हॉल्व्हखालची बारीक नळी गंजाच्या भुकटीने बुजली असेल, तर चाक पूर्ण उघडूनही गेज शून्य दाखवते आणि आत पूर्ण दाब असू शकतो. चांगल्या ठिकाणी म्हणूनच हवा सावकाश सोडल्यावर व्हॉल्व्हमधून वाट खरोखर मोकळी आहे ना, हे तपासल्याशिवाय मानेवर पाना चढवत नाहीत. स्पिंडलवरचा नट सैल करणेही तितकेच वाईट, कारण दाबाखाली तो सुटला तर स्पिंडल थेट तोंडाच्या दिशेने येतो. वाट मोकळी असल्याची खात्री नसेल तर सिलिंडरवर ‘भरलेला असण्याची शक्यता’ अशी ठळक चिठ्ठी बांधावी, तो उन्हातून सावलीत हलवावा, आणि नागपूरच्या पेसोने (स्फोटके व दाबाच्या सिलिंडरांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) मान्यता दिलेल्या चाचणी केंद्राला फोनवरच सगळा प्रकार सांगून मग तो कसा पाठवायचा ते विचारावे.