कोतं मन, माझं मनगट

मुलीला शनिवारी केंडोच्या, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या, वर्गाला सोडायला गेलो आणि अडकलो. सेन्सेईंनी, म्हणजे तिथल्या गुरुजींनी, हसत काहीतरी विचारलं, मी "हाय" म्हणालो. जपानीत हाय म्हणजे हो. तोक्योत, निशी-कासाईत राहून दोन वर्षं झाली तरी माझ्या जपानीतला खात्रीचा शब्द तेवढाच, त्यामुळे तो मी सढळ हातानं वापरतो. त्रेचाळिसाव्या वर्षी माझ्या हातात बांबूच्या चार पट्ट्यांची तलवार, म्हणजे शिनाई, आली ती अशी.

अंगमेहनतीबद्दल तक्रार नाही. सेइझा म्हणजे आपलं वज्रासन. फक्त आपण ते जेवणानंतर पाच मिनिटं करतो आणि हे लोक त्यात बसून भाषण ऐकतात. सोन्क्यो म्हणजे जवळपास उकिडवं बसणं. त्यात आमच्या गावाकडचा माणूस कुणाला हार जाणार नाही.

त्रास शब्दांचा. केंडोत नुसतं मारून भागत नाही, जिथे मारलं त्या जागेचं नाव ओरडावं लागतं. डोक्यावर मेन, बरगड्यांवर दो, मनगटावर कोते. आवाज, शिनाई आणि पुढचा पाय एकदम पडले तर गुण. वर फटका मारल्यावरही सावध राहायचं, त्याला झानशिन म्हणतात. आनंदानं हात उंचावलेत तर मिळालेला गुणही काढून घेतात. आमच्या गल्ली क्रिकेटमध्ये हा नियम असता तर कुणाचीच विकेट पडली नसती.

माझा कान पडला मराठी. "कोते!" असं ओरडलो की वाटतं, समोरच्याचं मन काढलं. दो ऐकलं की हात दोनदा फिरतो. दोन प्रतिस्पर्ध्यांमधल्या अंतराला म्हणतात माआई; आता आई म्हणजे लांब उभं राहायची गोष्ट, हे कसं पचवायचं? कंबरेच्या चिलखताचं नाव तारे, पण मला तारे दिसतात ते मेन बसल्यावर. त्याच तारेवर माझ्या नावाची पट्टी आहे. जपानीत ल नाही, त्यामुळे आमचं कुलकर्णी तिथे कुरुकारुनी झालं. परवा एका आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर शिनाई टेकवून मी जोरात "दो!" म्हणालो. त्यानं अदबीनं वाकून स्वतःच्या बरगड्या दाखवल्या.

गेल्या शनिवारी सेन्सेईंनी माझ्याकडे बघून काही विचारलं. हाय. मग कळलं, आजच्या सुबुरीचे, म्हणजे हवेत शिनाई फिरवायच्या सरावाचे, आकडे मी मोजायचे. मी एक आकडा म्हणायचा, सगळ्यांनी शिनाई फिरवत तोच परत म्हणायचा.

"इची! नी! सान!" छान चाललं होतं. चौथा आकडा 'शी', तो म्हणताना आमच्या घरच्या सवयीनं नाक थोडं मुरडलं, पण निभावलं. गो. रोकू. आणि पुढे काळोख.

"सात!"

क्षणभर शांतता. मग पंचवीस शिनाया एकदम खाली आल्या. "साता!"

थांबायचं कसं? "आठ!" "आतो!" "नऊ!" "नाऊ!" "दहा!" "दाहा!"

मुलगी भिंतीकडे तोंड करून शिनाई फिरवत होती.

वर्ग संपल्यावर सेन्सेई जवळ आले, लांबलचक काहीतरी बोलले, शेवटी प्रश्नासारखा सूर लागला. मी कमरेत वाकून म्हणालो, "हाय!"

सायकल काढताना मुलगी म्हणाली, "बाबा, तुला कळलं का ते काय म्हणाले?"

"नाही."

"पुढच्या शनिवारी शंभरपर्यंत मोजायचंय."